दारालगतची फळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते एका जपानी इंजिनिअरचे. आईवडिलांना मी यात धरत नाही. त्यांच्या बाबतीत उपकार हा शब्द वापरला तर आई रागावेल. शाळेतल्या गुरुजींना धरतो, कॉलेजातल्या सरांना धरतो, आणि तरीही हा माणूस पहिला येतो. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. नाव वाचलं की लोक माणूस शोधायला लागतात, आणि मी त्यांना एकदा पुरेसा त्रास दिलेला आहे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. करायला आलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील वीज मंडळात लाइनमन होते आणि मी इंजिनिअर झालो तेव्हा त्यांनी खांबावरून उतरून पेढे वाटले होते, अगदी कमरेचा पट्टाही न सोडता. तालुक्याच्या गावातली मराठी शाळा, मग तंत्रनिकेतन, मग औरंगाबादला पदवी, एवढ्या शिदोरीवर मी आलो होतो. ऑक्टोबर उजाडला तरी मला असिस्टंटशिप, म्हणजे फी माफ करून वर पगार देणारं विद्यापीठातलं काम, मिळाली नव्हती. ज्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहत होतो तिथल्या बाकी तिघांना मिळाली होती. पहिलं सेमिस्टर संपलं की मी परत जाणार हे मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. घरी कळवायचं तेवढं राहिलं होतं.

अशा वेळी माझ्या प्राध्यापकांनी मला एका शेडवर पाठवलं. आमच्या विभागात जपानमधल्या रेल्वे डबे बनवणाऱ्या एका कंपनीचे एक इंजिनिअर दोन वर्षांसाठी आले होते आणि त्यांना हाताखाली एक विद्यार्थी हवा होता. शेड कॅम्पसच्या टोकाला, गाईंच्या गोठ्यांना लागून होती. आत शिरलो तर प्लायवूडचा ताजा वास आणि गोठ्याचा वास एकमेकांत मिसळलेले. पन्नाशीच्या आसपासचे एक बारीक गृहस्थ गुडघ्यावर बसून लाकडी चौकटीला स्क्रू मारत होते. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. हातात टेप दिली आणि समोरच्या टेबलाची उंची मोजायला सांगितली. मी मोजली. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यापाशी मोजायला सांगितली, मग तिसऱ्या. तिन्ही आकडे दोन-तीन मिलिमीटरने वेगळे आले.

"यातला बरोबर कुठला?" त्यांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, माझं घाबरलेलं.

"सरासरी काढतो, सर."

ते हसले. "तिन्ही बरोबर आहेत. जमीन तिरकी आहे. आणि सर नको."

मला काम मिळालं. फी माफ झाली, पगार सुरू झाला. मी परत गेलो नाही.

त्या शेडमध्ये आम्ही आगगाडीच्या डब्याचा एक तुकडा बांधला. टोकियोच्या वर्तुळ मार्गावर तेव्हा नुकतीच आलेली विजेवर चालणारी लोकल गाडी त्याचा नमुना होती. मूळ गाडी स्टेनलेस स्टीलची, रंग न दिलेली, अंगावर फक्त एक रंगीत पट्टी. आमचा तुकडा लाकडाचा आणि राखाडी रंगाचा. एक दुहेरी सरकतं दार, ते उघडमिट करायला एक कॉम्प्रेसर, दाराच्या दोन्ही बाजूंना बाकं, वर दोन उंचींच्या हाताच्या कड्या. ज्या गावात एकही लोकल गाडी नाही, जिथे आम्ही कॅम्पसच्या बसने फिरायचो आणि डाळ-पिठासाठी दोन महिन्यांतून एकदा कुणाच्या तरी गाडीतून दुसऱ्या शहरात जायचो, तिथे मक्याच्या शेताजवळ हा डबा उभा होता.

त्या गाडीची प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे हे ते मला सांगायचे. बाक सात जणांचं. सातच जणांनी बसावं म्हणून गादीला सात उथळ खळगे, आणि बाकाच्या समोर दोन ठिकाणी छताला टेकलेले खांब. त्यामुळे माणसं आपोआप दोन, तीन, दोन अशी बसतात.

"नाहीतर काय होतं?" मी विचारलं.

"सहाजण ऐसपैस बसतात. सातवा उभा राहतो. हे सगळं त्या सातव्यासाठी."

"मग पाटी का लावत नाही? सात जणांनी बसावे म्हणून?"

"पाटी सहाजण वाचतील आणि तसेच बसतील."

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे एसटीत सातवा माणूस स्वतःच म्हणतो, सरका जरा. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. मग प्लायवूडचा जड तक्ता हलवायचा असला की दुसऱ्या टोकाकडून ते मोठ्यांदा म्हणायचे, "सरका, सरका!"

शनिवारी ते आमच्याकडे पोहे खायला यायचे. घरातल्या मुलांनी त्यांचं नाव 'जपानी काका' ठेवलं होतं. आमच्यातला नागपूरचा मुलगा त्यांना दोनदा वाढायचा आणि ते गेले की मला म्हणायचा, "काय बे, डिग्री घेऊन सुतारकी करायला आला का अमेरिकेत?" मला ते लागायचं, कारण मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. तंत्रनिकेतनात वर्कशॉपचा जॉब आम्ही हाताने करायचो खरं, पण जरा बऱ्या घरची मुलं तो तिथल्या माणसाकडून करून घ्यायची, आणि पुढे कधी करवत हातात धरावी लागू नये हेच आमच्या शिक्षणाचं ध्येय होतं. या माणसाने मला करवत धरायला शिकवली, आणि त्याची लाज वाटायची नसते हेही.

त्यांचा स्वतःचा जीव गाडीच्या एका भागात अडकला होता. बाक जिथे संपतं आणि दार सुरू होतं, तिथे पूर्वी नुसता एक वाकवलेला पाइप असायचा. दाराशी उभा राहणारा माणूस त्याला टेकायचा आणि त्याची पाठ, पिशवी, कोपर बाकाच्या टोकाला बसलेल्याच्या डोक्याला लागायचं. त्यांनी एकदा गाडीत एका म्हातारीला पाहिलं होतं. उभ्या माणसाची बॅग तासभर तिच्या गालाला घासत होती आणि ती काही बोलली नव्हती. तेव्हापासून त्यांना तिथे पाइपऐवजी रुंद, उंच फळी हवी होती. कंपनीतल्या वरिष्ठांना ती नको होती. त्यांचं म्हणणं, टेकायला चांगली जागा मिळाली तर लोक दारातच थांबतील, आत सरकणार नाहीत, आणि गाडीला प्रत्येक स्टेशनवर उशीर होईल. कोण खरं हे मोजून ठरवायचं होतं. अमेरिकेत मोजण्याचं कारण असं की कंपनीला इथेही डबे विकायचे होते. अंगापिंडाने मोठी, जाड जॅकेट घातलेली माणसं फळीपाशी कशी वागतात ते बघायचं होतं. एप्रिलमध्ये कंपनी निर्णय घेणार होती. दहा वर्षं ते या फळीसाठी भांडत होते, हे त्यांनी मला एकदाच, डबा झाडता झाडता सांगितलं होतं.

मोजायची पद्धत सोपी होती. दाराच्या दोन्ही बाजूंसाठी फळ्यांच्या तीन जोड्या केल्या होत्या: अरुंद, मध्यम, रुंद. विद्यार्थ्यांना पिझ्झाचं आमिष दाखवून बोलवायचं. काही जण डब्यात आधीच उभे, काही बाहेर. दार उघडलं की स्टॉपवॉच सुरू, शेवटचा माणूस आत आला की बंद. ती एक फेरी. समोर तिकाटण्यावर व्हिडिओ कॅमेरा.

२००५ च्या फेब्रुवारीत त्यांना दोन आठवड्यांसाठी जपानला जावं लागलं. फेऱ्या मला एकट्याने घ्यायच्या होत्या. जाताना ते म्हणाले, "मी नसताना केलेली मोजणी जास्त चांगली. मी असलो की मुलं माझ्या तोंडाकडे बघतात, मला कुठली फळी आवडते ते ओळखतात."

त्या आठवड्यात बर्फ खूप होता. मुलं जॅकेटं, टोप्या, पाठीवर बॅगा अशीच आली. अरुंद फळीच्या फेऱ्या झाल्या, मध्यम फळीच्या झाल्या. रुंद फळी लावली आणि पहिल्याच फेरीत वेळ वाढला. दुसऱ्या फेरीतही. पाचव्या फेरीपर्यंत मला कळून चुकलं होतं की वरिष्ठांचंच खरं आहे. मुलं दोन्ही फळ्यांना आरामात टेकून उभी राहत होती, त्यांचे खांदे आणि बॅगा दारात येत होत्या, आणि बाहेरची मुलं एकेकाने तिरकी होऊन आत शिरत होती. दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचा फरक. लोकल गाडीत तीन सेकंद म्हणजे फार. मी पंधरा फेऱ्या घेतल्या. एकही चांगली आली नाही.

संध्याकाळी घरी कागद पसरून बसलो होतो. नागपूरकर भात लावत होता.

"तोंड का पाडलं?"

"काकांची फळी नापास होणार."

"मग?"

"मग काय. दहा वर्षं घालवलीत त्यांनी."

तो हसला. "अरे यार, सेट कर ना. पहिल्यांदा करतोय का तू?"

पहिल्यांदा करत नव्हतो, हे खरं होतं. कॉलेजात आम्ही सगळेच रीडिंग जुळवायचो. प्रॅक्टिकलला उत्तर आधी माहीत असायचं आणि रीडिंग मागून यायची. पोलादाचा स्थिरांक पुस्तकात अमुक दिलाय ना, मग तुमचाही तितकाच यायला हवा; ग्राफ सरळ यायला हवा. एखाद्याने खरंच मोजून वाकडा ग्राफ आणला तर सर म्हणायचे, "शहाण्या, नीट जुळवून आण." सबमिशनच्या आठवड्यात एकच जर्नल वीस जणांत फिरायचं. याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. हुशार मुलं थोडे चढउतार ठेवून जुळवायची, म्हणजे खरं वाटावं. मी हुशार मुलगा होतो.

मी पंधरापैकी चार फेऱ्या 'दार अडकले' असं लिहून काढून टाकल्या. सात फेऱ्यांच्या पेन्सिलीतल्या आकड्यांशेजारी पेनने कमी आकडे लिहिले, सगळे सारखे नाहीत, कुठे दीड सेकंद, कुठे अडीच. चार तशाच ठेवल्या. रुंद फळी मध्यम फळीच्या किंचित मागे, पण चालण्यासारखी अशी दिसू लागली. भात होईपर्यंत सगळं कोऱ्या कागदांवर उतरवून झालं होतं.

आणि हे करताना मला अपराधी वाटलं नाही. उलट बरं वाटलं. हे मी लपवलं तर बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मला वाटत होतं की या माणसाने माझ्यासाठी एवढं केलं, आता मीही त्यांच्यासाठी काहीतरी करतोय.

ते परत आले. मी आकड्यांचे कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले, कारण ते नेहमी तसेच कागद द्यायचे. त्यांनी उभ्यानेच वाचले. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण कान लाल झाले होते. "चांगलं," ते म्हणाले. "खूप चांगलं." त्याच दिवशी त्यांनी जपानला अहवाल पाठवला.

कॅमेऱ्याचा मी विचारच केला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत कधी कॅमेरा नव्हता. माणसं एका लाकडी दारातून आत जातात आणि बाहेर येतात, हे तास न् तास कोण बघणार? त्यांनी बघितलं. त्यांना आकड्यांपेक्षा माणसं बघायला आवडायची.

रविवारी दुपारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. टीव्हीवर फेरी चालू होती.

"अकरावी फेरी," ते म्हणाले आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "कृपा करून तू मोज."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. दार उघडलं, मी बटण दाबलं. मुलं आत शिरू लागली. कागदावर मी काय आकडा लिहिला आहे तो मला पाठ होता. शेवटची मुलगी अजून बाहेरच होती, पाठीवरची मोठी बॅग सांभाळत वाट बघत होती, आणि मी बटण दाबून घड्याळ थांबवलं. त्यांच्या देखत. टीव्हीवर ती मुलगी त्यानंतर आत शिरली. दोघांनीही ते पाहिलं.

त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं नाही. आकडाही विचारला नाही. टीव्ही बंद केला आणि डब्याकडे वळले.

"किती फेऱ्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"का?"

"तुमची फळी..." मी म्हणालो.

"त्या फळीत दोष असेल तर मला बघायचा होता," ते म्हणाले. "त्यासाठी मी इतक्या लांब आलो." आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळी माझ्यासमोरच त्यांनी जपानला फोन लावला. मला जपानी येत नाही, पण फोनवर बोलताना ते उभे होते आणि समोर कुणी नसताना पुन्हा पुन्हा कमरेत वाकत होते. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "मी पत्र लिहून सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

"मोजणीवर सही माझी आहे," ते म्हणाले.

मार्चमध्ये आम्ही सगळ्या फेऱ्या पुन्हा घेतल्या. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. शनिवारी पोह्यांनाही येत राहिले. फक्त एक बदल झाला. आधी आमच्याकडे एकच स्टॉपवॉच होतं. आता दोन झाली. दोघांनी वेगवेगळी मोजणी करायची, वेगवेगळ्या कागदांवर लिहायची आणि शेवटी ताडून पाहायची. त्यांचं घड्याळ नवीन होतं. त्या नव्या घड्याळाकडे मला कधी सरळ बघता आलं नाही. रुंद फळी अर्थातच हळू ठरली. एप्रिलमध्ये कंपनीने ती नाकारली.

मे महिन्यात माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. ते मागच्या रांगेत बसले होते, कोट घालून. सगळं नीट चाललं होतं. शेवटी माझ्या प्राध्यापकांनी विचारलं, "फेब्रुवारीतल्या फेऱ्या टाकून पुन्हा का घेतल्या?"

मी म्हणालो, "थंडीमुळे कॉम्प्रेसर नीट चालत नव्हता. दारं सावकाश उघडत होती."

इतकं सहज आलं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. प्राध्यापकांनी मागे वळून त्यांना विचारलं, "असं होतं का?"

ते उभे राहिले. "फेब्रुवारीच्या मोजणीत चूक होती," ते म्हणाले. "प्रकल्प माझा होता. चूक माझी होती." आणि बसले.

कॉम्प्रेसरबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि मला उघडंही पाडायचं नव्हतं. मी वर्गातल्या खडूच्या फळ्याजवळ उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं की नाही, चूक माझी होती. मी म्हणालो नाही. मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला मी त्यांचे आभार मानणारा लांबलचक परिच्छेद लिहिला होता. आईने त्याचं मराठी भाषांतर करून मागितलं आणि तिने तो शेजारपाजारी वाचून दाखवला.

ते जपानला परत गेले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत सांगायचं, माफी मागायची, असं पाठ करून गेलो होतो. ते पोह्यांत मोहरी आधी की कांदा आधी हे विचारत राहिले. मी उत्तरं देत राहिलो.

पुढे मला शिकागोत नोकरी लागली. लग्न झालं, जवळच्याच नेपरव्हिलला घर घेतलं. दर जानेवारीत त्यांचं नवीन वर्षाचं कार्ड यायचं. जपानमध्ये तशी पद्धत आहे. मी ईमेलवरून शुभेच्छा पाठवायचो, बर्फ किती पडला ते लिहायचो.

२००८ च्या कार्डावर एका गाडीचा आतून काढलेला फोटो होता. नवी कोरी गाडी, सात जणांचं बाक, आणि बाकाच्या टोकाला फळी. तीच, पण वरची कड तिरकी कापलेली. खाली रुंद, वर निमुळती. बसलेल्याचा चेहरा झाकला जाईल, पण उभ्या माणसाला खांदा टाकून पसरता येणार नाही. मला ते एका नजरेत कळलं. खाली इंग्रजीत त्यांच्या अक्षरात दोन ओळी: 'आपली मार्चची मोजणी पाहून फळी कापली. यावेळी कंपनीने घेतली. तुझे आभार.'

म्हणजे मी जे आकडे लपवले होते त्यांतच ती फळी कशी कापायची हे लिहिलेलं होतं.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. "किती गोड आहेत रे!" ती म्हणाली. त्या रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिने ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. आमच्या इथल्या मंडळींत ज्येष्ठ असलेले एक काका चष्मा वर करून फोटो बघत म्हणाले, "अरे वा! जपानच्या ट्रेनमध्ये आपल्या मराठी मुलाचं काम! आणि आम्हाला पत्ता नाही? पुढच्या रविवारी मराठी शाळेत मुलांसमोर बोलायचंस तू. इन्स्पायर झाली पाहिजेत ही. नुसता व्हिडिओ गेम."

"नाही काका, माझं काही काम नाही त्यात."

"बघा, केवढा हा विनय!" एक काकू तिळगूळ पुढे करत म्हणाल्या. "लहान गावची मुलं अशीच असतात."

तिथेच खेळणाऱ्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने फोटो हातात घेतला. "काका, डिड यू मेक इट?"

"नो," मी म्हणालो.

"देन व्हॉट डिड यू डू?"

सगळे हसले. मी हसलो नाही. पाहुणे गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. कार्ड तिने फ्रेम करायला म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं, ते आणून माझ्यासमोर ठेवलं. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाली, "काय करायचं ते तू ठरव." त्या ज्येष्ठ काकांना मी फोन करून शाळेतलं भाषण कॅन्सल केलं, का, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, एवढं काय त्यात. आम्ही सगळ्यांनीच केलंय कॉलेजात." ते माझ्या बाजूने बोलत होते, हे मला कळत होतं.

मग मी पत्र लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं. इथे मराठीत देतो.

*सर,*

*तुम्ही सर म्हणू देत नव्हता. आज मी तुमचं ऐकत नाही.*

*तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही माझे आभार मानले आहेत. ते मी घेऊ शकत नाही.*

*२००५ च्या फेब्रुवारीत मी रुंद फळीच्या अकरा फेऱ्या खोट्या केल्या. चार काढून टाकल्या, सातांचे आकडे बदलले. दार अडकलं नव्हतं. तुम्ही मला घड्याळ दिलंत तेव्हा मी तुमच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोललो. परीक्षेत तिसऱ्यांदा. तुम्ही मला एकदाही उघडं पाडलं नाहीत, आणि तिसऱ्या वेळी माझी चूक स्वतःवर घेतलीत. मी गप्प राहून ती घेऊ दिली. पहिल्या दोन गोष्टींपेक्षा मला या तिसरीची जास्त लाज वाटते, कारण पहिली तरी मी तुमच्यासाठी करतोय असं मला वाटत होतं. तिसरी फक्त माझ्यासाठी होती.*

*तुम्ही 'का' असं विचारलं होतं. मी ज्या कॉलेजातून आलो तिथे आम्ही गुरूला आवडेल असं उत्तर आणायचो. तुम्ही गुरू होता. तुम्हाला दुसरंच काही हवं होतं, हे मला समजलं नाही. हे कारण आहे, बचाव नाही.*

*काल मी आपल्या प्राध्यापकांना हे सगळं लिहून पाठवलं. प्रबंधातले आकडे मार्चचे आहेत आणि ते खरे आहेत, पण कॉम्प्रेसरचं वाक्य खोटं आहे. ते त्याचं काय करतील मला माहीत नाही. पदवीवर काही आलं तर ते योग्यच असेल. तुम्ही मधे पडू नका.*

*माझी एक विनंती आहे. तुमच्या कंपनीत आजही असं समजत असतील की त्या फेब्रुवारीत तुमची मोजणी चुकली. तुमच्या वरिष्ठांना हे पत्र दाखवा. ते निवृत्त झाले असतील तर त्यांच्या घरी पाठवा. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत. माझा पत्ता आणि फोन खाली आहे. त्यांना खात्री करायची असेल तर त्यांनी मलाच विचारावं.*

*त्या पंधरा फेऱ्यांचा मूळ कागद मी फाडला नव्हता. का, ते सांगता येत नाही. तो सोबत पाठवत आहे. पेन्सिलीचे आकडे खरे आहेत.*